पुढच्या तिमाहीत बघू

परदेशातल्या प्रकल्पांमध्ये पैसे घालायचे की नाही याची आकडेमोड करणं हे माझं काम. दिवसभर एक्सेल. एका शीटमध्ये शेकडो आकडे असतात, मालाचा भाव, मजुरी, वीज, कर, व्याज, पण सगळी शीट ज्याच्या तालावर नाचते तो सेल एकच, डिस्काउंट रेटचा. पुढे मिळणाऱ्या पैशाची आज किती किंमत धरायची हे तो ठरवतो. काही वर्षांपूर्वी एका सकाळी मी ऑफिसला पोचले तर आमच्या मॅडम माझ्या खुर्चीशेजारी उभ्याच होत्या, म्हणाल्या ती फाइल उघड आणि रेट पाचने वाढव. मी विचारलं काय झालं, तर म्हणाल्या रात्री तिकडच्या नेत्याचं भाषण झालंय, परदेशी कंपन्या सरळ वागल्या नाहीत तर त्यांचे कारखाने ताब्यात घेऊ असं बोललेत. मी विचारलं, कायदा आलाय? नाही. नोटीस? नाही. आपलं नाव घेतलं? तेही नाही. मग? "मग काही नाही, दहाच्या जागी पंधरा टाक आणि खाली बघ."

मी पंधरा टाकलं आणि खालचा काळा आकडा लाल झाला.

तो क्षण मला अजून आठवतो, कारण तोपर्यंत मला वाटायचं की जप्ती म्हणजे गेटवर पोलीस, कुलूप, सील, कागदावर शिक्का. यातलं काहीच झालं नव्हतं. तिकडे कारखाना नेहमीसारखा चालू होता, शिफ्ट सुटत होती, ट्रक भरत होते. एका माणसाने एका रात्री चार वाक्यं बोलली होती, तीही टाळ्यांसाठी असतील, आणि हजारो किलोमीटर दूर एका सेलमध्ये पाच टक्के वाढले होते.

हे पाच टक्के काय करतात ते एकदा नीट बघायला हवं, कारण ते बघितल्याशिवाय पुढचं सगळं हवेत राहतं. समजा आज १०० रुपये घातले की पुढची २० वर्षं दरवर्षी १५ रुपये मिळणार आहेत. दहा टक्क्यांनी हिशोब केला तर त्या सगळ्या पैशाची आजची किंमत जवळपास १२८ होते, म्हणजे करावा असा प्रकल्प. पंधरा टक्क्यांनी केला तर ९४. शंभर घालून चौऱ्याण्णव कोण घेईल? पण आता दुसरा प्रकल्प घ्या, १०० घातले की फक्त तीन वर्षं ४५-४५ मिळणार आणि विषय संपला. दहा टक्क्यांनी ११२, पंधरा टक्क्यांनीही १०३. हा तगला! म्हणजे धमकीने सगळी गुंतवणूक सारखी पळत नाही, पळते ती लांबची. जी माणसं तीन वर्षांत पैसे काढून निघून जायच्या बेताने आलेली असतात त्यांना फारसा फरक पडत नाही, आणि जी माणसं वीस वर्षं राहायची, धरण बांधायची, भट्टी उभारायची, पोरांना कामावर घेऊन शिकवायची तयारी ठेवून असतात तीच आधी पाय मागे घेतात. ज्यांना हाकलायची भाषा नेता करत असतो ते ओरबाडणारे राहतात आणि ज्यांनी राहावं असं कुठल्याही देशाला वाटेल ते जातात. मला ही गोष्ट या विषयातली सगळ्यात दुःखद वाटते आणि ती फारशी कोणी बोलत नाही.

दुसऱ्या बाजूनेही तेच दिसतं. समजा एखाद्या वर्षात कारखाना हातातून जायची शक्यता फक्त ५ टक्के आहे. ऐकायला काहीच नाही. पण दरवर्षी ५ टक्के म्हटलं की तीन वर्षांनी तो आपल्याकडेच असायची शक्यता ८६ टक्के आणि वीस वर्षांनी ३६. छत्तीस! आणि नेत्याच्या मनात खरंच पाच आहे की शून्य आहे की पन्नास, हे बाहेरच्याला कळायला मार्गच नाही, कदाचित नेत्यालाही माहीत नसतं.

आमच्या त्या फाइलमध्ये दुसरी प्रॉडक्शन लाइन टाकायची होती. तिकडच्या प्लांट मॅनेजरने काम आधीच सुरू केलं होतं, पाया खणून काँक्रीट ओतून झालं होतं आणि मशीन बसवायचे फाउंडेशन बोल्ट उभे केले होते, माझ्या मनगटाएवढे जाड, आट्यांना ग्रीस लावून वर प्लास्टिक गुंडाळलेलं. त्याने फोटो पाठवला होता, त्यात बोल्टांच्या रांगा दोरी लावल्यासारख्या सरळ दिसत होत्या आणि बाजूला हेल्मेट घातलेली पाच-सहा पोरं हसत उभी होती. ती पोरं नवीन लाइनसाठी ट्रेनिंगला घेतलेली. भाषणानंतरच्या मीटिंगमध्ये त्या लाइनला कोणी नाही म्हटलं नाही. हे महत्त्वाचं आहे, नाही कोणीच म्हटलं नाही. मिनिट्समध्ये एवढंच आलं की परिस्थिती स्पष्ट झाल्यावर पुढच्या तिमाहीत बघू. ते मिनिट्स मीच टाइप केले होते.

अर्थशास्त्रात या थांबण्यावर बरंच काम झालंय. बेन बर्नांकी, जे पुढे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे, फेडरल रिझर्व्हचे, अध्यक्ष झाले, त्यांनी १९८३ मध्ये दाखवलं होतं की एकदा घातला की परत काढता येत नाही असा पैसा असेल आणि पुढे काय होणार ते धूसर असेल तर थांबणं हाच शहाणपणाचा निर्णय ठरू शकतो, आणि थांबताना माणूस चांगल्या बातमीच्या शक्यतेकडे बघतच नाही, फक्त वाईट बातमी किती वाईट असू शकते तेवढंच तोलतो. शेअर घेतला तर उद्या विकता येतो. जमिनीत ओतलेलं काँक्रीट विकता येत नाही. आणि म्हणूनच ज्या क्षणी काँक्रीट ओतलं जातं त्या क्षणी पारडं फिरतं, तोपर्यंत सरकार बोलावत असतं, या या, करात सूट देतो, रस्ता देतो, आणि ओतल्यानंतर मात्र कंपनीचा पाय तिथे रुतलेला असतो आणि सरकारचा हात वर. खाणी, तेल, वीज, पोलाद या धंद्यांमध्येच धमक्या जास्त का येतात याचं उत्तर यात आहे, कारण खाण उचलून नेता येत नाही.

धमकी कशी दिसते याचं जे दृश्य माझ्या डोक्यातून जात नाही ते काराकासचं आहे. व्हेनेझुएला, फेब्रुवारी २०१०. अध्यक्ष ह्यूगो शावेझ आपल्या टीव्ही कार्यक्रमात प्लाझा बोलिव्हारमध्ये फिरतायत, सोबत शहराचे महापौर, कॅमेरा मागे. एका इमारतीकडे बोट दाखवून विचारतात, ही कसली? उत्तर येतं, खाजगी दागिन्यांची दुकानं आहेत. शावेझ म्हणतात, "एक्सप्रोपिएसे." ताब्यात घ्या. मग दुसरी इमारत, पुन्हा तोच शब्द. मग आणखी एक. लोक टाळ्या वाजवतायत. त्या इमारतींपैकी एक ला फ्रान्सिया नावाची, दागिन्यांच्या दुकानांनी भरलेली. मी तो व्हिडिओ बऱ्याच वेळा बघितलाय आणि दर वेळी माझं लक्ष त्या बोटाकडे जातं. फाइल नाही, मोजणी नाही, सुनावणी नाही, चालता चालता बोट. त्या दिवशी ज्यांच्या दुकानाकडे बोट गेलं नाही अशा सगळ्यांनी सुद्धा ते बघितलं असणार, आणि दुसऱ्या दिवशी शटर उघडताना प्रत्येकाच्या मनात आलं असणार की काल कॅमेरा उजवीकडे वळला म्हणून मी वाचलो.

त्यानंतर माणूस काय करतो? विकून पळून जातो असं आपल्याला वाटतं, पण विकणार कोणाला, घेणाराही तोच टीव्ही बघतो. माणूस राहतो आणि मालकासारखं वागायचं सोडून देतो. छप्पर गळतंय तर ताडपत्री टाकतो, पत्रा बदलत नाही. मशीनचा खडखडाट वाढलाय तर आवाज सहन करतो, बेअरिंगची ऑर्डर पुढे ढकलतो. नफा आला की तो पुन्हा धंद्यात न घालता डॉलरमध्ये करून बाहेर ठेवतो. हे कुठल्याच आकडेवारीत पटकन दिसत नाही कारण उत्पादन काही दिवस तसंच चालू असतं, जुन्या पुण्याईवर. व्हेनेझुएलात एम्प्रेसास पोलार म्हणून खाण्यापिण्याच्या वस्तू बनवणारी सगळ्यात मोठी खाजगी कंपनी, तिला शावेझ यांनी वारंवार धमकावलं, पूर्ण कंपनी मात्र कधीच घेतली नाही. वर्षानुवर्षं डोक्यावर तलवार, आणि त्या तलवारीखाली नवीन कारखाना उभारायचा निर्णय घ्यायचा.

तेलात तर ते बोलून थांबले नाहीत. २००७ मध्ये ओरिनोको पट्ट्यातल्या प्रकल्पांत सरकारी कंपनीचा किमान ६० टक्के वाटा हवा अशी अट घातली गेली, काही कंपन्यांनी मान्य केली, एक्झॉन मोबिल आणि कोनोकोफिलिप्स बाहेर पडल्या आणि लवादाकडे गेल्या. कोनोकोच्या बाजूने निकाल लागला तो मार्च २०१९ मध्ये, ८ अब्ज डॉलरहून जास्त. शावेझ २०१३ मध्येच गेले होते. भाषण एकाचं, बिल दुसऱ्या पिढीच्या नावावर. नव्वदच्या दशकाच्या शेवटी जो देश दिवसाला ३० लाख बॅरलहून जास्त तेल काढायचा तो २०२० मध्ये काही महिने ५ लाखांच्याही खाली गेला. सगळा दोष जप्तीच्या माथी मारणं खोटं ठरेल, २००२-०३ च्या संपानंतर सरकारी तेल कंपनीतले हजारो अनुभवी लोक काढून टाकले गेले, २०१४ ला भाव कोसळले, नंतर अमेरिकेचे निर्बंध आले. पण पडझडीच्या काळात नवीन पैसा घेऊन कोणीतरी यायला लागतं, आणि यायचं ते कोणाच्या भरवशावर?

इथे एक गोष्ट मला मनापासून बोलायची आहे, कारण आमच्या धंद्यातले लोक ती बोलायचं टाळतात. बहुतेक वेळा धमकीमागचा राग खरा असतो. इराणने १९५१ मध्ये तेलाचं राष्ट्रीयीकरण केलं तेव्हा अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी इराणच्या तेलावर ब्रिटिश सरकारला जेवढा कर देत होती त्याहून कमी रॉयल्टी इराणला मिळत होती. त्या कंपनीच्या अबादानमधल्या तेल शुद्धीकरण कारखान्याचे कामगार कसे राहायचे ते वाचलं की मान खाली जाते. झिम्बाब्वेत वसाहतीच्या काळात उत्तम जमीन मूठभर गोऱ्या शेतकऱ्यांकडे गेली होती, तो अन्याय कोणी कल्पनेतून काढलेला नव्हता. त्यामुळे गुंतवणूकदार घाबरला म्हणून नेता चूक, असं सरळ गणित मी मांडणार नाही. प्रश्न एवढाच की राग बोलून दाखवायचा की नियमात उतरवायचा.

नॉर्वे बघा. १९७२ मध्ये सरकारी तेल कंपनी काढली, आणि आज तिथे तेलाच्या नफ्यावर एकूण कर ७८ टक्के आहे. अठ्ठ्याहत्तर! माझ्या शीटमध्ये ७८ टक्के टाकायला मला भीती वाटत नाही, कारण तो आकडा आहे, तो कुठल्या सेलमध्ये बसतो ते मला माहीत आहे, आणि तोट्याच्या वर्षी काय होतं तेही लिहिलेलं आहे. बोट्स्वानाने डी बिअर्स या हिरे कंपनीसोबत खाणीत निम्मी-निम्मी भागी घेतली, टेबलावर बसून, पुन्हा पुन्हा घासाघीस करून, आणि दोघेही टिकले. जास्त घेणाऱ्या सरकारला गुंतवणूकदार घाबरत नाही. किती घेणार हे उद्याच्या मूडवर ठेवणाऱ्या सरकारला घाबरतो.

झिम्बाब्वेचं पुढचं प्रकरण आमच्याकडे नवीन लोकांना शिकवताना मी नेहमी सांगते. २००८ मध्ये कायदा लागू झाला की कंपन्यांमध्ये ५१ टक्के वाटा स्थानिक काळ्या नागरिकांकडे हवा. २०१० चे नियम आले, ५ लाख डॉलरच्या वरची मालमत्ता असेल तर ४५ दिवसांत आराखडा द्या आणि पाच वर्षांत ५१ टक्के पूर्ण करा. कागदावर वाचलं तर नियमच वाटतो ना? पण भागाची किंमत कोण देणार, कधी देणार, कोणाला सूट मिळणार हे मंत्र्यांच्या बोलण्यावर. एक मंत्री म्हणायचे लायसन्स रद्द करू, आणि त्याच सरकारच्या रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर जाहीरपणे सांगायचे की बँकांना हात लावू नका. मग २०१७ च्या शेवटी सत्ता बदलली, नवे अध्यक्ष म्हणाले देश धंद्यासाठी खुला आहे, २०१८ मध्ये ती अट फक्त प्लॅटिनम आणि हिऱ्यांपुरती ठेवली. आता एवढं झाल्यावर मी माझ्या सेलमध्ये पंधराचे परत दहा करायला हवेत की नाही? हिशोबाने करायला हवेत. हात होत नाही. एका वाक्याने पाच टक्के वाढतात आणि ते उतरायला दहा वर्षं गप्प राहावं लागतं, आणि दहा वर्षं गप्प राहायला कुठल्या राजकारण्याला जमलंय? तिकडच्या शेतीत तर याचं अगदी जमिनीवरचं रूप दिसतं, गोऱ्या शेतकऱ्यांकडून ताब्यात घेतलेल्या जमिनी सरकारच्या झाल्या, नव्या शेतकऱ्यांना ९९ वर्षांच्या लीज दिल्या गेल्या, पण बँका त्या लीजवर कर्ज द्यायला तयार होईनात. काढून घेतलेली जमीन उद्या पुन्हा काढून घेतली जाऊ शकते हे बँकेला कळत होतं. ज्याच्यासाठी जमीन घेतली तोच शेतकरी खताच्या पैशासाठी हात चोळत बसला.

आणि हे फक्त गरीब देशांचं आहे असं समजू नये. १९५२ मध्ये कोरियाचं युद्ध चालू असताना संप टाळायला म्हणून अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी पोलाद गिरण्या ताब्यात घ्यायचा आदेश काढला होता. ८ एप्रिलला आदेश, आणि २ जूनला सुप्रीम कोर्टाने सहा विरुद्ध तीन अशा मतांनी सांगितलं की तुम्हाला हा अधिकार नाही. गिरण्या परत. गुंतवणूकदाराला भरवसा मिळतो तो अध्यक्ष चांगला आहे म्हणून नाही, अध्यक्षाला नाही म्हणणारं कोणीतरी आठ आठवड्यांत नाही म्हणतं म्हणून. फ्रान्समध्ये १९८२ च्या मोठ्या राष्ट्रीयीकरणाच्या वेळीही कायदा घटनेत बसतो का ते तपासणाऱ्या घटना परिषदेने आधी तो अडवला, भरपाई पुरेशी नाही म्हणून, आणि सरकारला ती वाढवावी लागली. याच फ्रान्समध्ये आर्सेलर मित्तल फ्लोराँजच्या पोलाद कारखान्यातल्या दोन भट्ट्या बंद करत होती, त्यावरून नोव्हेंबर २०१२ मध्ये मंत्री मोंतबूर म्हणाले की आम्हाला फ्रान्समध्ये मित्तल नकोत, कारखान्याचं तात्पुरतं राष्ट्रीयीकरण करू. आर्सेलर मित्तलकडे तेव्हा फ्रान्समध्ये वीस हजारांच्या आसपास लोक कामाला होते. चार-पाच दिवसांत पंतप्रधानांनी कंपनीशी समझोता केला, राष्ट्रीयीकरण बारगळलं, आणि ज्या दोन भट्ट्यांसाठी हे सगळं झालं त्या पुन्हा पेटल्या नाहीत त्या नाहीतच. त्या कामगारांनी महिनोन् महिने आशा धरली होती. मला त्यांच्याबद्दल फार वाटतं, धमकी त्यांच्या नावाने दिली गेली होती.

या सगळ्यावर विमा मिळतो, हेही सांगायला हवं. जागतिक बँकेच्या छत्राखाली १९८८ पासून मिगा नावाची संस्था आहे, खाजगी विमा कंपन्याही आहेत, जप्ती, राष्ट्रीयीकरण, पैसे बाहेर नेण्यावर बंदी, सगळ्याला कव्हर. पण आगीच्या आधी घ्यावा लागतो. भाषण झाल्यावर फोन केला तर प्रीमियम असा सांगतात की प्रकल्प तिथेच मरतो, किंवा सरळ नाही म्हणतात. आणि खाजगी कंपन्यांच्या बहुतेक पॉलिसींमध्ये अट असते की विमा घेतलाय हे कोणाला सांगायचं नाही, म्हणजे त्या सरकारला वाटू नये की यांचं काढून घेतलं तरी यांना भरपाई मिळणारच आहे. मोठ्या कंपन्यांना हे सगळं परवडतं, वकील आहेत, लवाद आहे, दहा वर्षं थांबायची ताकद आहे. त्याच गावातला पत्रा कापून सुटे भाग बनवणारा छोटा कारखानदार, ज्याची एकमेव ऑर्डर त्या मोठ्या कारखान्याची, त्याला ना विमा ना लवाद. त्याचा तोटा कुठल्याच निकालात येत नाही.

आमच्या फाइलचं सांगायचं राहिलं. पुढची तिमाही आली, मग त्याच्या पुढची, दर वेळी मी तोच मजकूर कॉपी करून तारीख बदलली. त्या नेत्याने आमच्या कारखान्याला कधीच हात लावला नाही, त्याचं नावही नंतर बातम्यांत कमी कमी येत गेलं. प्लांट मॅनेजर पहिले काही महिने दर आठवड्याला विचारायचा, काही कळलं का, मग महिन्यातून एकदा, मग विचारायचा बंद झाला. ट्रेनिंगची पोरं एकेक करून दुसरीकडे गेली, त्यातली दोन देश सोडून. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका वेगळ्याच कामासाठी मॅनेजरचा फोन आला होता, बोलता बोलता मी विचारलं त्या फाउंडेशनचं काय झालं. म्हणाला, बोल्ट गंजले होते, येता-जाता लोकांच्या पायाला लागायचे, म्हणून मागच्या महिन्यात गॅस कटरने जमिनीलगत कापून टाकले. आता तिथे रिकामे पॅलेट ठेवतो.